खालचं बूच काढून ठेवा

भेग मला मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दिसली. बर्फ नुकताच वितळला होता, जमीन अजून लिबलिबीत होती. मी सहज फेरी मारायला गेलो, तर यंत्राच्या पोटाखालच्या खडीवर एक डाग. काळा नव्हे, दुधाळ. दूध जास्त झालेल्या कॉफीसारखा. गुडघे टेकून खाली वाकलो. गिअरपेटीच्या बुडाला वीतभर भेग. एका टोकाला केसाएवढी, दुसऱ्या टोकाला नख शिरेल एवढी.

घोड्यांनी ओढायचं हे गवत कापायचं यंत्र १९४१ सालचं. त्यातली जवळजवळ सत्तर वर्षं ते एका शेताच्या बांधावर, झुडपात, ऊन-पाऊस-बर्फ खात पडून होतं. तेव्हा ही पेटी शाबूत होती. मी चौदा महिने खपून ते नीट केलं, उघड्यावर मांडलं, आणि पहिल्याच हिवाळ्यात ती फुटली.

मी अमेरिकेत, पूर्व आयोवात राहतो. मूळ गाव खटाव तालुक्यातलं. मेकॅनिकल इंजिनिअर, सगळी नोकरी गिअरपेट्यांचं डिझाइन करण्यात गेली. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जे झालं त्यात लाजेचा भाग याच्यामुळेच आहे.

निवृत्त झाल्यावर शेजाऱ्याने मला एका जागेवर नेलं. जुनं कोठार, एका खोलीची शाळा आणि रस्त्याच्या कडेला हिरवळीवर ओळीने मांडलेली आठ-नऊ अवजारं. सगळी घोड्यांची. चालवणारे सगळे स्वयंसेवक, बहुतेक सत्तरीच्या पुढचे. या मुलखात गाडीने फिरलात तर हे दृश्य पावलोपावली दिसतं: कुणाच्या फाटकाशी, बँकेच्या हिरवळीवर, पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात एखादं जुनं अवजार उभं असतं आणि त्याच्या लोखंडी आसनात पिटुनियाची कुंडी. लोकांना ते छान दिसतं. मला पहिल्यापासून ते उन्हात बांधून ठेवलेल्या, पाणी न पाजलेल्या जनावरासारखं वाटत आलंय. असो.

तिथल्या मंडळींत एक गृहस्थ होते, आज वय शहाऐंशी. इथे बापाच्या वयाच्या माणसालाही नावाने हाक मारतात. मला ते सहा महिने जमलं नाही. मनातल्या मनात मी त्यांना अण्णा म्हणायला लागलो, इथेही तसंच म्हणतो. ते म्हणाले, आमच्या जुन्या शेताच्या बांधावर वडिलांचा मोअर, म्हणजे गवत कापायचं यंत्र, आहे, शेत विकलंय, पण नवा मालक नेऊ देईल. २०२१ च्या ऑक्टोबरात आम्ही चौघं तो काढायला गेलो. एका चाकाच्या आऱ्यांतून मनगटाएवढं झाड वाढलं होतं. झाड कापलं, साखळ्या लावल्या, ट्रेलरवर ओढला. वजन साडेतीनशे किलोच्या आसपास असेल, पण मातीने असा धरून ठेवला होता की ट्रकची चाकं फिरायला लागली तरी तो हलेना.

आईला व्हिडिओवर दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आरं, हे मोडीत घालत्यात. तू घरी आणलंस व्हय?"

घरी नव्हता आणला, पण आमच्या गॅरेजात आणला होता. बायकोच्या दृष्टीने दोन्ही एकच.

बिडाच्या ओतीव भागांवर भाग-क्रमांक ओतलेले असतात. ते घासून वाचले तेव्हा कळलं की हा मॅककॉर्मिक-डीअरिंगचा नंबर नऊ. हे मॉडेल १९३९ ला बाजारात आलं. नावातली दोन आडनावं एकेकाळच्या कट्टर स्पर्धकांची. सायरस मॅककॉर्मिकने १८३१ साली व्हर्जिनियात धान्य कापायचं यंत्र शेतात चालवून दाखवलं; ते घडवताना जो अँडरसन नावाचा, त्यांच्याच घरचा गुलाम त्याच्या बरोबरीने राबला होता. पुढे १८४७ ला कारखाना शिकागोत गेला. डीअरिंगचाही कारखाना शिकागोतच. गिऱ्हाईक पळवण्यावरून दोघांची अनेक वर्षं जुंपलेली होती, आणि १९०२ ला आणखी तीन कंपन्यांसकट सगळे एक होऊन इंटरनॅशनल हार्वेस्टर झाली.

यंत्राची करामत बघण्यासारखी आहे. इंजिन नाही, काही नाही. घोडे चालले की चाकं फिरतात. चाकांना बाहेरून आडव्या पट्ट्या असतात, त्या जमीन धरतात. चाकाच्या तुंब्यात खटके असतात, त्यामुळे पुढे जाताना आस फिरतो आणि मागे घेताना चाक नुसतं टिक-टिक करत मोकळं फिरतं. आसावरून गती पेटीत जाते, तिथे दाते तिला वाढवतात, मग एक जड चक्र गरगर फिरतं आणि त्याला जोडलेला लाकडी दांडा पातं मागे-पुढे खेचतो. पातं म्हणजे लांब पट्टीवर रिव्हेटांनी ठोकलेल्या त्रिकोणी सुऱ्या. प्रत्येक त्रिकोण ३ इंचांचा, पाच फुटी पात्यात असे २०. ते लोखंडी बोटांच्या फटीतून सरकतं आणि बोट व सुरी यांच्यात गवत कातरतं. दोन घोडे आणि एक माणूस दिवसाला आठ-दहा एकर कापायचे. लांब दांड्याच्या कोयत्याने तेच काम दिवसभर घाम गाळून एक-दीड एकर.

मी भावाला हे फोनवर समजावत होतो, तर त्याने विचारलं, बैल का नाही जुंपले? प्रश्न बरोबर होता. आपल्याकडे घोडा टांग्याला, वरातीला, औताला बैल. बैलाला वशिंड असतं, त्याच्यापुढे जू ठेवलं की झालं. घोड्याला ते नाही. म्हणून त्याच्या खांद्याभोवती गादीचा गळपट्टा घालावा लागतो, आणि मागे जू-आडवटांचा सगळा वेगळा संसार. पण खरा मुद्दा चालीचा. पात्याचा वेग चाकावर आणि चाकाचा जनावराच्या पावलावर. बैलाच्या चालीने पातं एवढं हळू सरकेल की गवत कापण्याऐवजी बोटांत चोंदून बसेल. नंबर नऊमध्ये दाते मुद्दाम असे ठेवले की घोडा सावकाश चालला तरी पातं जोरात चालावं. आमच्या गावात अजून "पाच घोड्यांची मोटार" म्हणतात, आणि घोडा कुणी औताला बघितलेला नाही. इथे उलट. १९२० च्या सुमारास अमेरिकेत घोडे आणि खेचरं मिळून अडीच कोटींहून जास्त होती. १९६० पर्यंत ती तीस लाखांवर आली. एवढी जनावरं गेली तर त्यांच्यामागची अवजारं कुठे गेली? पुष्कळशी वितळली. १९४२ साली युद्धासाठी गावोगाव मोड गोळा केली, तेव्हा शेतकऱ्यांनी कोठारामागची जुनी यंत्रं गाड्या भरभरून दिली. अण्णांच्या वडिलांनी पेंढ्या बांधायचं यंत्र दिलं, मोअर ठेवला. तो नवा होता, आणि रबराचं रेशनिंग सुरू झालेलं. टायर मिळायचे वांधे, तर घोड्यांना टायर लागत नाहीत. घरात ट्रॅक्टर आला तो १९५३ ला. त्या वर्षी मोअर बांधावर गेला.

आता कामाकडे.

पहिलं काम फोटो. मी सत्तरएक फोटो काढले, प्रत्येक नटबोल्टाचे, क्रमांक घालून. त्यातला एकतिसावा आसनाखालच्या पोलादी पट्टीचा: तिथे एक तार गुंडाळलेली आणि तारेला गंजाचा एक गोळा, सुपारीएवढा. कुंपणाची तार अडकली असेल म्हणून मी ती पक्कडीने कापून मोडीच्या डब्यात टाकली. हा फोटो लक्षात ठेवा.

दुसरं, रंग. कपाऱ्यांत जुना लाल रंग शिल्लक होता. त्या काळच्या रंगात शिसं असायचं, म्हणून तपासणीची काडी फिरवली. काडी गुलाबी झाली. म्हणजे कोरडं घासायचं नाही, ग्राइंडर लावायचा नाही. खाली प्लास्टिक अंथरून, पाणी फवारत, मुखपट्टी बांधून हाताने खरवडायचं. कामाचे कपडे घरच्या मशीनमध्ये घालायचे नाहीत हा नियम मी नाही, बायकोने केला, आणि योग्य केला.

तिसरं, जाम झालेली चाकं. यात दोन महिने गेले. अॅसिटोन आणि गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मं-निम्मं मिसळून रोज तुंब्यात सोडायचं, हातोडीने हलकेच वाजवायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. डावं चाक तीन आठवड्यांनी कुरकुरलं. उजवं ढिम्म. मग अण्णांनी मेणाचा उपाय सांगितला: तुंबा ज्योतीने तापवायचा, लाल नाही, फक्त हात लावता येणार नाही इतपत, आणि सांध्याला मेणबत्ती टेकवायची. मेण वितळून फटीत आपोआप ओढलं जातं. आधी अॅसिटोन पूर्ण उडून गेलेलं हवं, नाहीतर गॅरेज पेटेल. घरात दिवाळीच्या उरलेल्या मेणबत्त्या होत्या. तिसऱ्या मेणबत्तीला चाक फिरलं, आणि मागे ढकलल्यावर आतून तो आवाज आला. टिक. टिक. टिक. अण्णा तेव्हा गॅरेजच्या दारात उभे होते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. बोलले काहीच नाहीत.

लहान भाग, म्हणजे बोटं, पकडपट्ट्या, आसन, यांचा गंज विजेने काढला. प्लास्टिकचं पिंप, त्यात दर चार लिटर पाण्याला मोठा चमचाभर धुण्याचा सोडा, आणि १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर. वस्तू ऋण टोकाला, मोडीतलं लोखंड धन टोकाला. उलटं जोडलं तर मोड शिल्लक राहते आणि वस्तू खाल्ली जाते. मोड म्हणून स्टेनलेस स्टील वापरू नये, त्यातून पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. आणि पिंप उघड्यावर ठेवायचं, कारण बुडबुडे येतात ते हायड्रोजनचे. रात्रभर ठेवलं की सकाळी गंज काळ्या चिखलासारखा ब्रशने निघून येतो आणि खाली ओतकामाच्या वेळची वाळूची खरखरसुद्धा दिसते. आसनाच्या भोकांच्या कडा बोटांना लागल्या तेव्हा कळलं की त्या घासून गुळगुळीत झाल्यात. बसणाऱ्यांनी घासलेल्या.

पेटी उघडली तर आत तांबूस पपडी, पण दाते शाबूत. झाकणाखालचं कॉर्कचं अस्तर कुजून गेलेलं. आणि बुडाचं तेल काढायचं भोक उघडं, त्याचं बूच गायब. हरवलं असेल. मी योग्य आट्यांचं नवीन बूच आणलं, आट्या साफ केल्या, घट्ट बसवलं. दाते पुसले, पेटीत नवं तेल भरलं. गिअरपेटी म्हणजे तेल, हे माझ्या रक्तात. चाळीस वर्षं तेच केलेलं.

घोडे जुंपायची लांब दांडी नवीन करावी लागली. मूळची जिथे लोखंडात शिरते तिथेच कुजली होती. पाणी तिथेच साठतं. लाकूड मिळालं अॅशचं, आणि मिळालं ते दुःखद कारणाने. एक हिरवा भुंगेरा इथली अॅशची झाडं पोखरून मारतोय. तो डेट्रॉइटजवळ २००२ ला सापडला आणि आयोवात २०१० ला पोचला. आमच्या गल्लीतच दोन मेलेली झाडं पाडली होती. त्यातल्या सरळ ओंडक्यातून दहा फुटांची दांडी काढली आणि तिला उकळलेलं जवसाचं तेल पाजलं. पाजलं हाच शब्द. चार वेळा प्यायली. तेलाच्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप तापून पेट घेतात, म्हणून तारेवर पसरून वाळवायच्या. गॅरेजभर जवसाचा वास आणि डोळ्यांपुढे आईची जवसाची चटणी.

भांडण झालं ते रंगावरून. मंडळातल्या निम्म्यांना लालभडक हवा होता, रस्त्यावरून दिसेल असा. अण्णा म्हणाले, "नवा होता तेव्हा लाल होता, दोन हंगामांनंतर कधीच नव्हता." मी अण्णांच्या बाजूने. रंग खालच्या गंजाला झाकतो, थांबवत नाही. रंगाला एक चरा पडला की पाणी आत शिरतं आणि मग बाहेर येत नाही. पोपडा उचलला जाईपर्यंत खाली खड्डा झालेला असतो. (हे मी सभेत अगदी ठासून बोललो होतो. पाणी आत शिरतं आणि बाहेर येत नाही. स्वतःचे शब्द.) शेवटी ठरलं टॅनिक आम्ल. घट्ट बसलेल्या गंजावर ते ब्रशने लावायचं; गंज निळसर काळा पडतो आणि स्थिर होतो. आपल्याकडे हिरड्याच्या पाण्यात हिराकस टाकून काळी शाई करायचे, तीच रसायनविद्या. हिरड्यातही टॅनिन असतं. त्यावर जवसाच्या तेलाचा पातळ हात, आणि दर वसंतात व हिवाळ्याआधी पुन्हा. दिसायला यंत्र आता तव्यासारखं दिसतं. लालवाल्यांपैकी एक बाई अजून माझ्याशी जेमतेम बोलतात.

जागेचं काम मी सगळ्यात नीट केलं असं मला वाटत होतं. हिरवळीवर लोखंड ठेवायचं नाही. गवत ओल धरतं, खताचे क्षार गंज वाढवतात, आणि गवत कापणारी पोरं यंत्राने चाकाच्या कडांवर फटकारे मारतात. म्हणून सहा इंच खोदून खाली कापड, वर चुनखडीची फोडलेली खडी, आणि प्रत्येक चाकाखाली सपाट दगड. पातं काढून आत ठेवलं, त्या जागी बोथट लाकडी पट्टी बसवली, कारण पोरं बोटं घालतातच. पात्याची दांडी उभी करून साखळीने बांधली. माहितीचा फलक लावला. नोव्हेंबरअखेर छोटासा कार्यक्रम झाला, सफरचंदाचा गरम रस वाटला, फोटो निघाले.

मग हिवाळा. इथे उणे वीस सेल्सियस म्हणजे बातमी नव्हे.

मार्चमध्ये भेग बघितल्यावर मी पहिल्यांदा काय केलं असेल, तर दोष ओतकामाला दिला. जुनं बीड, आत पोकळी राहिली असेल. घरी जाऊन एक अहवालवजा मेलही लिहिली. पाठवायच्या आधी अण्णांना फोन केला. ते आले, वाकता येत नाही म्हणून छोटा आरसा खाली धरला, बघितलं आणि विचारलं, "बूच बसवलंस?"

"हो. नव्हतंच. हरवलं होतं."

"हरवलं नव्हतं. वडिलांनी काढलं होतं."

यंत्र कायमचं बाहेर लावायचं असेल तर पेटीचं बूच काढायचं, तेल सोडून द्यायचं आणि बूच तारेने आसनाला बांधून ठेवायचं, म्हणजे परत लागलं तर सापडतं. ही त्यांच्या वडिलांची रीत. एकटे वडील नव्हेत, सगळेच तसं करायचे, म्हणाले. सांगण्यासारखं त्यात काय होतं? मी घरी जाऊन एकतिसावा फोटो मोठा करून बघितला. तार, आणि तिच्या टोकाला सुपारीएवढा गोळा. गोळ्याला नीट बघितलं तर चौकोनी डोकं.

कार्यकारण सांगायला इंजिनिअर लागत नाही. झाकणाखालचं अस्तर मी नवीन घातलं होतं, पण खटक्याचा दांडा पेटीत जिथून शिरतो तिथे मूळचीच फट असते. वाऱ्याचा पाऊस तिथून आत. शिवाय दिवसा तापून रात्री गार होणारी पेटी हवेतली वाफ ओढते, ते वेगळं. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसलं. वर तेलाची गादी असल्यामुळे उडून जायलाही वाट नाही. थोडं थोडं करत वाटीभर साठलं, गोठलं, फुगलं. बीड वाकत नाही, तडकतं. त्या उघड्या भोकाने सत्तर वर्षं पेटी वाचवली होती, आणि मी ते भोक घट्ट बंद केलं. तेही आट्या साफ करून.

दुरुस्तीसाठी मी कलोनाकडे गेलो. तिथे आमिश, म्हणजे आधुनिक यंत्रं शक्यतो टाळणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची, वस्ती आहे. ते आजही घोड्यांनी शेती करतात आणि नंबर नऊ त्यांच्या रोजच्या वापरात आहे. त्यांच्या कारागिरांकडे या यंत्राची नवीकोरी बोटं, सुऱ्या, लाकडी दांडे मिळतात. एका लोहाराच्या दुकानात भेगेचे फोटो दाखवले. मी पूर्ण तयारीनिशी गेलो होतो: पेटी आधी सावकाश तापवायची, निकेलची कांडी वापरायची, जोडल्यावर राखेत पुरून हळूहळू गार करायची. त्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, "चालवणार आहात?"

"नाही. बाहेर ठेवायचाय."

"मग कशाला?"

बिडाला वेल्ड करताना शेजारी नवी भेग पडायची भीती असतेच, आणि पेटी उतरवायची म्हणजे सगळं यंत्र पुन्हा सुटं करायचं. त्याने सांगितलं ते एवढंच: भेगेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाड, म्हणजे ती पुढे सरकणार नाही. बूच काढ. घरी जा. पैसे घेतले नाहीत. मीच ओशाळून सहा बोटांचा संच विकत घेतला. तो अजून गॅरेजात तसाच आहे.

भोकं पाडायला दहा मिनिटं लागली. अडीच मिलिमीटरचं ड्रिल, हळू, थेंब-थेंब तेल सोडत. टोक नेमकं कुठे आहे हे डोळ्यांना दिसत नाही. खडूची पूड चोळली आणि भेगेतून पाझरणाऱ्या तेलाने तिच्यावर रेघ उमटली, तिथून पुढे पाच मिलिमीटर सोडून पाडलं. उरलेलं तेल काढून टाकलं, दाते पुसून त्यांना लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीचं मेण, चोपडलं. बूच तारेने आसनाखालच्या पट्टीला बांधलं, जिथे आधीचं होतं तिथेच. आधीचं मोडीच्या गाडीबरोबर गेलं, ते काही परत येत नाही.

यानंतर मला त्या ओळीतल्या प्रत्येक यंत्राकडे बघायची सवयच बदलली. तोवर मी दिसणारा गंज बघत होतो. आता दोन लिटरची पाण्याची झारी घेऊन जायचो, प्रत्येक यंत्रावर वरून ओतायचो आणि खाली बसून बघायचो की किती बाहेर येतं. नांगराच्या पायापाशी वाटीभर अडकलं. गवत गोळा करायच्या दंताळ्याचा सांगाडा पोकळ नळीचा, दोन्ही टोकं बंद. खालून भोक पाडलं तर तपकिरी पाण्याची धार दहा-पंधरा सेकंद चालली. शेणखत उधळायच्या गाडीच्या लाकडी तळाला तर मधोमध तळंच. आसनांना मात्र कुठे काही करावं लागलं नाही. ती भोकाभोकांची, नक्षीसारखी दिसणारी बिडाची आसनं मला इतकी वर्षं हौसेची वाटायची. त्यांत पाणी साठतच नाही. आणि कुणीतरी एका आसनाची भोकं कुंडी नीट बसावी म्हणून आतून सिमेंटने बुजवलेली होती. ते मी छिन्नीने फोडलं. कुंडी कुणाची होती ते विचारू नका. त्या बाई आता जेमतेमही बोलत नाहीत.

एक अडचण नवीन निघाली. उघडं भोक म्हणजे गांधीलमाश्यांना आमंत्रण. मातीचं घर करणाऱ्या माश्या तर नेमकं बोटाएवढंच भोक शोधतात आणि चिखलाने लिंपून टाकतात. पुन्हा बूच बसवल्यासारखंच. पितळी जाळीचा तुकडा आतून दुमडून बसवला. तरी महिन्यातून एकदा तार घालून बघावंच लागतं. मी रविवारी सकाळी जातो. खिशात सायकलच्या आऱ्याची तार असते.

दुसरा हिवाळा गेला. भेग होती तेवढीच आहे, मी दोन्ही टोकांना खूण करून ठेवली होती. खडीवर डाग नाही.

आता गॅरेजात धान्य पेरायचं यंत्र आलंय. लांब लाकडी पेटी, पेटीतून खाली उतरणाऱ्या धातूच्या लवचीक नळ्या, आणि प्रत्येक नळीच्या तोंडाशी माती चिरणारी तबकडी. भावाला व्हिडिओवर दाखवलं, तर त्याने आईला हाक मारली. तिने चष्मा लावून बघितलं.

"ही तर पाभर हाय," ती म्हणाली. "चाडं कुठंय?"

चाडं नाही, पेटी आहे, पेटीतून बी आपोआप पडतं, मूठ सोडणारं माणूस लागत नाही, असं मी सांगितलं. तिला ते पटलं नाही. मूठ सोडायला ती स्वतः पाभरीमागे चालायची. बी आपोआप पडलं तर ते सारखं पडतंय हे कळायचं कसं, असं तिचं म्हणणं. मग म्हणाली, "त्या नळ्यांत काय हाय बघ आधी. नळ्या तुंबत्यात."

बघितलं. सोळापैकी अकरा तुंबलेल्या होत्या. एकीत उंदराचं घरटं, बाकींत चिखलमाश्या.